नोडमध्ये ईमेलचं डोमेन तपासताना सगळंच अडकतंय, डीएनएस रेकॉर्ड नेमकं विचारायचं कसं?

मुळामुठा:
नमस्कार मंडळी, जरा लांबड लावतोय पण पूर्ण वाचा प्लीज. एका संस्थेच्या प्रवेश नोंदणीचं पोर्टल माझ्याकडे आलंय, नोड २० (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं), एक्सप्रेस, मागे पोस्टग्रेसचा डेटाबेस. फॉर्म भरताना ईमेलमधलं ॲटच्या पुढचं डोमेन खरं आहे का हे सर्व्हरवर तपासलं जातं. आधीच्या टीमने लिहिलेला भाग आहे तो, सरळ नोडच्या डीएनएस डॉट लुकअप फंक्शनला (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी पत्ता वगैरे सांगणारी इंटरनेटची यादी) डोमेन द्यायचं आणि एरर आली की "हे ईमेल डोमेन अस्तित्वात नाही" असा लाल मेसेज दाखवून फॉर्म अडवायचा. एरवी कोणाची तक्रार नसते.

शेवटच्या तारखेला संध्याकाळी गर्दी झाली आणि दोन प्रकार एकत्र सुरू झाले. ओटीपीचा एसएमएस पाठवणारा कॉल, पेमेंटचं स्टेटस विचारणारा कॉल, जे जे म्हणून बाहेर जातं ते सगळं लटकायला लागलं, आणि सीपीयू बघावा तर निवांत, मेमरी पण ठीक. लॉगमध्ये ओळीमागून ओळ "गेटॲडरइन्फो ईएआय अगेन". दुसरा प्रकार मला जास्त लागला, एका कॉलेजच्या स्वतःच्या डोमेनवरचे ईमेल आहेत, मुलं रोज वापरतात, आणि त्यांना आपला फॉर्म सांगतोय की असं डोमेनच नाही. पालकांचे फोनवर फोन. मी सर्व्हरवर जाऊन डिग (डीएनएसला प्रश्न विचारायची कमांड) मारलं तर उत्तर लगेच येतंय.

पुढची फेरी तोंडावर आहे. एका डोमेनच्या चौकशीने बाकीचे कॉल कसे काय अडकतात, आणि खरं डोमेन खोटं कसं ठरतं, हे कोणी नीट समजावून सांगेल का? नुसतं पॅकेज टाका म्हणू नका, कळून घ्यायचंय.

टर्मिनलवाला:
दोन्हीचं मूळ डीएनएस डॉट लुकअप. नावात डीएनएस असलं तरी ते ऑपरेटिंग सिस्टिमचं गेटॲडरइन्फो फंक्शन बोलावतं, म्हणजे आधी ईटीसी होस्ट्स फाइल, एनएसस्विच (कुठल्या क्रमाने शोधायचं ते सांगणारी फाइल), मग रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधला नेमसर्व्हर (डीएनएसच्या प्रश्नांना उत्तर देणारा सर्व्हर). हे फंक्शन ब्लॉकिंग आहे, उत्तर येईपर्यंत थ्रेड धरून बसतं. म्हणून नोड ते लिबयूव्हीच्या (नोडच्या आतली लायब्ररी) थ्रेडपूलवर टाकतो आणि तो पूल डिफॉल्टने चार थ्रेडचा. फाइल वाचणं, पासवर्ड हॅश करणं, झिप करणं, सगळी कामं त्याच चौघांवर.

आता तुमच्या फॉर्ममध्ये कोणीतरी असं डोमेन टाकलं की ज्याचे नेमसर्व्हर मेलेले आहेत. लिनक्सवर रिझॉल्व्हरचा (नाव शोधून देणारा भाग) डिफॉल्ट ५ सेकंद थांबायचा आणि २ वेळा विचारायचा, म्हणजे १० सेकंद सहज गेले, नेमसर्व्हर दोन-तीन असतील किंवा सर्च यादी (नावाला जोडून बघायच्या शेपटांची) असेल तर आणखी. तेवढा वेळ तो थ्रेड गेला. आणि एसएमएस गेटवेचा कॉल, पेमेंटचा कॉल हे पण नावानेच जातात, त्यांना पण आधी लुकअप लागतं, ते रांगेत मागे उभे. सीपीयू निवांत कारण काम कोणी करतच नाहीये, सगळे वाट बघतायत.

चौथा_मजला:
एक छोटी भर. चार थ्रेड खरे, पण लिबयूव्हीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत गेटॲडरइन्फोला संथ काम म्हणून वेगळं काढलंय आणि संथ कामांना एका वेळी निम्मेच थ्रेड मिळतात. म्हणजे चारातले दोन. फाइल वाचणं त्यामुळे वाचलं, पण नाव शोधणाऱ्यांसाठी रस्ता अजून अरुंद झाला. दोन मेलेली डोमेनं १०-१० सेकंद धरून बसली तर मिनिटाला जेमतेम १२ लुकअप पार पडणार, शेवटच्या तारखेची गर्दी त्यात कशी मावेल? मुळामुठांनी लिहिलंय की बाहेर जाणारे कॉलच लटकले, साइट पूर्ण बंद पडली नाही, ते याच्याशी अगदी जुळतंय.

यूव्ही थ्रेडपूल साइझ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल प्रोसेस सुरू व्हायच्या आधी वाढवता येतं, १६ केलंत तर नावांसाठी ८ मिळतील. करा खुशाल, पण हा उपाय नाही, रांग थोडी उशिरा लागेल एवढंच.

मुळामुठा:
आता कुठे चित्र दिसायला लागलं. मग लुकअपच्या जागी काय? रिझॉल्व्ह? आणि ते कॉलेजचं डोमेन का नाकारलं गेलं ते अजून कळलं नाही, ते तर जिवंत आहे.

टर्मिनलवाला:
हो, रिझॉल्व्ह. डीएनएस डॉट रिझॉल्व्हएमएक्स, रिझॉल्व्हटीएक्सटी, रिझॉल्व्ह४ वगैरे जे आहेत ते सी-एरीस नावाच्या लायब्ररीवर चालतात, थेट नेमसर्व्हरला पॅकेट पाठवतात आणि थ्रेड न अडवता इव्हेंट लूपवरच वाट बघतात. शंभर एकदम विचारले तरी एसएमएसचा कॉल अडत नाही. फक्त एक लक्षात ठेवा, हे होस्ट्स फाइल बघत नाहीत. त्यामुळे स्वतःच्या नेटवर्कमधल्या मशिनला जोडायचं असेल तर लुकअपच बरोबर, आणि कुठल्या तरी परक्या डोमेनचं रेकॉर्ड बघायचं असेल तर रिझॉल्व्ह. दोन वेगळी कामं आहेत ही.

स्वतःचा रिझॉल्व्हर ऑब्जेक्ट बनवा, त्यात टाइमआउट आणि ट्राइज देता येतात. फॉर्मपुढे माणूस बसलाय, त्याच्यासाठी दीड-दोन सेकंद बास.

कॉलेजचं डोमेन कदाचित असं असेल की मेल येते पण मूळ नावाला आयपीच नाही, वेबसाइट फक्त डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू वर. म्हणजे एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठल्या सर्व्हरकडे द्यायची ते सांगणारं) आहे, ए रेकॉर्ड (नावाचा आयपी सांगणारं) नाही. लुकअप फक्त आयपी शोधतो, त्याला मेलशी काही घेणंदेणं नाही. मेलचं विचारायचं तर एमएक्सच विचारायला हवं. डिग मारलंत तेव्हा एमएक्स विचारलं होतं का?

मुळामुठा:
एमएक्सच विचारलं होतं. आत्ता ए विचारून बघितलं, ए पण आहे हो. त्यामुळे ते कारण नसावं.

रातराणी:
मग माझ्या मते खरा घोळ इथे आहे आणि तो भाषेवर अवलंबून नाही, मी पीएचपीत काम करते तिथे पण हेच बघते. डीएनएसला प्रश्न विचारला की तीन प्रकारची उत्तरं येतात. एक, आहे, हे घ्या. दोन, नाही, आणि हे "नाही" पक्कं आहे, ज्याच्याकडे अधिकार आहे त्याने सांगितलेलं. तीन, मला कळलं नाही, म्हणजे सर्व्हफेल (सर्व्हरलाच शोधता आलं नाही), टाइमआउट, रिफ्यूज्ड. तलाठी कार्यालयात जाऊन "तुमच्या नावाची नोंद नाही" असं ऐकणं वेगळं आणि कार्यालयाला कुलूप दिसलं म्हणून परत येणं वेगळं. तुमचा कोड दोन्ही वेळा येऊन सांगतोय की नोंद नाही.

गर्दीत तुमचा रिझॉल्व्हर गुदमरला, कॉलेजच्या डोमेनचं उत्तर वेळेत आलं नाही, एरर आली, आणि एररचा प्रकार न बघता मुलाला सांगितलं की तुझं डोमेन अस्तित्वात नाही. ईएआय अगेनमधलं अगेन हेच सांगतंय की आत्ता जमलं नाही, परत विचारा.

टर्मिनलवाला:
रातराणी ताईंशी शंभर टक्के सहमत, आणि नोडमध्ये तर लुकअपची एरर वाचून पण भागत नाही. नोडच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय की लुकअपचा ईनॉटफाउंड हा कोड नाव नसेल तेव्हा येतोच, पण फाइल डिस्क्रिप्टर संपले वगैरे दुसऱ्या कारणाने चौकशी फसली तरी तोच येऊ शकतो. रिझॉल्व्हचे कोड मात्र नीट वेगळे आहेत. ईनॉटफाउंड म्हणजे हे नावच नाही. ईनोडेटा म्हणजे नाव आहे पण या प्रकारचं रेकॉर्ड नाही. ईसर्व्हफेल, ईटाइमआउट, ईरिफ्यूज्ड म्हणजे कळलं नाही. पहिल्या दोनवरच काही निर्णय घ्या, बाकीच्यांवर फॉर्म पुढे जाऊ द्या.

कोयनाकाठ:
मी तर म्हणतो तो चेकच काढून टाका. एमएक्स आहे म्हणजे पत्ता बरोबर असं थोडीच आहे. जीमेलचं स्पेलिंग चुकवलेली डोमेनं पण कोणी ना कोणी घेऊन ठेवलेली असतात, त्यांना एमएक्स पण असतो. खरी परीक्षा एकच, त्या पत्त्यावर कोड पाठवा आणि तो परत टाकायला सांगा.

रातराणी:
कोयनाकाठ, कोड पाठवायला हवाच, त्यावर वाद नाही. पण गावाकडून सायबर कॅफेत फॉर्म भरायला आलेल्या मुलीला कॅफेवाल्याने पत्ता टाइप करताना शेवटचं अक्षर खाल्लं तर ती कोडची वाट बघत बसणार आणि वेळ संपणार. नाव खरोखरच नसेल तर तिथल्या तिथे "पत्ता परत एकदा बघा" म्हणणं तिच्या फायद्याचं आहे. फक्त अडवू नका. पिवळी सूचना द्या आणि "हाच पत्ता बरोबर आहे" असं बटण द्या. चेकचं काम मदत करायचं, हाकलायचं नाही.

कोयनाकाठ:
असं असेल तर मान्य.

नवशिका:
एक प्रश्न मध्येच. एमएक्स नाही मिळाला म्हणजे मेल येतच नाही ना? मग ईनोडेटा आला की सरळ सूचना दाखवायची?

रातराणी:
तसं नाही बरं. एसएमटीपीच्या, म्हणजे मेल पोचवायच्या, नियमात, आरएफसी (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) ५३२१ मध्ये, एमएक्स नसेल तर त्या नावाच्या आयपीवरच मेल द्यायचा असं आहे. म्हणून आधी एमएक्स, तो नसेल तर ए आणि चौपट ए (आयपीव्ही६ चा पत्ता), तिन्ही नसतील तरच मेल जाणार नाही असं म्हणा. उलटा प्रकार पण असतो. काही डोमेनं मुद्दाम सांगतात की आम्ही मेल घेतच नाही, त्याला नल एमएक्स म्हणतात, २०१५ च्या आरएफसी ७५०५ मध्ये आहे. तिथे एमएक्स रेकॉर्ड मिळतो, पण प्राधान्य ० आणि सर्व्हरच्या जागी नुसतं टिंब, लायब्ररीप्रमाणे कधी रिकामी स्ट्रिंग. "ॲरे रिकामा नाही म्हणजे मेल चालतो" असं लिहिलं असेल तर तिथे फसायला होतं.

पीएचपीवाल्यांसाठी पण लिहूनच टाकते. चेकडीएनएसआरआर फक्त खरं किंवा खोटं देतो, खोटं आलं तर नाही की कळलं नाही ते समजायला मार्ग नाही. गेटहोस्टबायनेम तर फसला की दिलेलं नावच परत देतो, आणि फक्त आयपीव्ही४. त्यापेक्षा डीएनएस गेट रेकॉर्ड वापरा. नाव किंवा रेकॉर्ड नसेल तर रिकामा ॲरे येतो, आणि सर्व्हरने तात्पुरती एरर दिली तर वॉर्निंग टाकून फॉल्स येतो. पण लोक कोडमध्ये नुसतं "जर नाही तर" असं लिहितात, पीएचपीत रिकामा ॲरे पण खोटा आणि फॉल्स पण खोटा, की हातात आलेला फरक तिथेच गेला. तीन बरोबरच्या चिन्हांनी फॉल्सशी ताडून बघा. आणि त्या वॉर्निंगच्या आधी ॲट लावून तिचं तोंड बंद करू नका.

पाटावरवंटा:
पायथॉनमध्ये डीएनएसपायथॉन लायब्ररी हा फरक एक्सेप्शनच्या नावातच देते. एनएक्सडोमेन, नोआन्सर, नोनेमसर्व्हर्स, टाइमआउट. पहिली दोन पक्की, नंतरची दोन कच्ची. जुन्या ट्युटोरियलमध्ये क्वेरी फंक्शन दिसेल, आवृत्ती २ पासून रिझॉल्व्ह आहे. त्यात लाइफटाइम म्हणून पॅरामीटर आहे, सगळे प्रयत्न धरून एकूण किती वेळ द्यायचा तो. मी नुसता टाइमआउट देण्यापेक्षा हाच देतो, कारण युजरला एकूण वेळेशी मतलब, कितव्या प्रयत्नात मिळालं याच्याशी नाही.

आणि उघडं एक्सेप्ट लिहून सगळं गिळणारा कोड रिव्ह्यूमध्ये पास करू नका. वर रातराणी ताईंनी सांगितलेला घोळ पायथॉनमध्ये याच एका ओळीतून शिरतो.

चौथा_मजला:
मुळामुठा, "डिगला उत्तर येतंय पण ॲपला येत नाही" हे जे लिहिलंत त्यावर थोडं. डिग आणि ॲप एकाच वाटेने जात नाहीत. डिग थेट नेमसर्व्हरशी बोलतो, होस्ट्स फाइल, एनएसस्विच, सर्च यादी यातलं काही डिफॉल्टने बघत नाही. ॲपला काय दिसतंय ते बघायचं तर गेटएंट एहोस्ट्स चालवा, तो गेटॲडरइन्फोच्याच वाटेने जातो. दोघांची उत्तरं वेगळी आली तर गडबड मशिनच्या कॉन्फिगमध्ये, सारखी आली तर वर कुठेतरी.

पोर्टल कुबरनेटिसवर (ॲप डब्यांत चालवणारी व्यवस्था) आहे का? असेल तर पॉडमधली (ॲपचा डबा) रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ उघडून बघा.

मुळामुठा:
हो, कुबरनेटिसवर आहे, अल्पाइन (छोटं लिनक्स) इमेज. आत्ता बघितलं, सर्चपुढे तीन नावं आहेत, डिफॉल्ट डॉट एसव्हीसी डॉट क्लस्टर डॉट लोकल वगैरे, आणि खाली ऑप्शन्स एनडॉट्स ५.

चौथा_मजला:
मग गर्दीत रिझॉल्व्हर का गुदमरला त्याचं एक कारण सापडलं. एनडॉट्स ५ चा अर्थ, नावात पाचपेक्षा कमी टिंबं असतील तर आधी सर्च यादीतलं एकेक शेपूट जोडून विचारायचं. एसएमएस गेटवेचं नाव समजा दोन टिंबांचं आहे. आधी त्याला पहिलं शेपूट, मग दुसरं, मग तिसरं, आणि प्रत्येक वेळी ए आणि चौपट ए असे दोन प्रश्न. सहा वाया गेले, मग खरे दोन. आठ पॅकेटं, कामाची दोन. क्लस्टरच्या आत सर्व्हिसची आखूड नावं चालावीत म्हणून हा डिफॉल्ट ठेवलाय, बाहेर जाणाऱ्यांना तो जड पडतो. वरून क्लाउडची मर्यादा असते, ॲमेझॉनच्या व्हीपीसीमध्ये (खाजगी नेटवर्क) एका नेटवर्क इंटरफेसवरून त्यांच्या रिझॉल्व्हरला सेकंदाला १०२४ पॅकेटंच जातात, त्यापुढची फेकून दिली जातात. फेकलेलं पॅकेट म्हणजे तुमच्याकडे टाइमआउट.

उपाय सोपा आहे, बाहेरच्या नावाच्या शेवटी टिंब द्या, म्हणजे नाव पूर्ण आहे, शेपूट जोडू नका असा अर्थ होतो. पण एचटीटीपीएसच्या यूआरएलमध्ये ते टिंब होस्ट हेडरपर्यंत जातं आणि काही सर्व्हर कुरकुरतात, तिथे पॉडच्या डीएनएसकॉन्फिगमध्ये एनडॉट्स १ किंवा २ करणं बरं. आखूड नावाने क्लस्टरमधलं काही बोलावत असाल तर ते आधी तपासून घ्या.

अल्पाइनचं पण ऐका. त्यातली मसल ही सी लायब्ररी मे २०२३ च्या १.२.४ आवृत्तीपर्यंत डीएनएससाठी टीसीपी वापरतच नव्हती. उत्तर यूडीपीच्या (आधी जोडणी न करता पाठवायच्या) पॅकेटात मावलं नाही की सर्व्हर म्हणतो अर्धंच दिलंय, टीसीपीवर या, आणि जुनी मसल जातच नाही. जुनी इमेज असेल तर बदला. मूळ मर्यादा ५१२ बाइटची, १९८७ च्या आरएफसी १०३५ मधली, ईडीएनएस (डीएनएसची वाढीव सोय) आल्यावर वाढली, आणि २०२० च्या डीएनएस फ्लॅग डेनंतर (डीएनएस चालवणाऱ्यांनी एकत्र बदल करायचा ठरवलेला दिवस) १२३२ धरायची शिफारस आहे. टीएक्सटी रेकॉर्ड (डोमेनला जोडलेला मजकूर) लांबलचक असलेल्या डोमेनांना हे हमखास लागतं.

नवशिका:
एवढं सगळं परत परत विचारण्यापेक्षा कोडमध्येच एक मॅप ठेवून कॅश केलं तर? नोड स्वतः कॅश करत नाही असं वाचलं.

टर्मिनलवाला:
नोड करत नाही हे खरं. जावा करतं, सिक्युरिटी मॅनेजर नसेल तर सापडलेली नावं डिफॉल्टने ३० सेकंद. पण स्वतःचा मॅप नको. प्रत्येक रेकॉर्डबरोबर टीटीएल (किती सेकंद लक्षात ठेवायचं तो आकडा) येतो, तो ज्याचं डोमेन आहे त्याने ठरवलेला असतो, आपला मॅप तो पाळत नाही आणि मग समोरच्याने सर्व्हर हलवला तरी आपण जुन्याच आयपीवर धडका देत बसतो. त्यापेक्षा मशिनवर अनबाउंड किंवा डीएनएसमास्क (उत्तरं लक्षात ठेवणारे रिझॉल्व्हर) बसवा, कुबरनेटिसला नोडलोकल डीएनएसकॅश आहे. ते टीटीएल पाळतात आणि सगळ्या प्रोसेसना उपयोगी पडतात.

आणि "नाही" हे उत्तर पण कॅश होतं हे विसरू नका. आरएफसी २३०८, १९९८ सालचा. किती वेळ ते डोमेनच्या एसओए रेकॉर्डवरून (डोमेनची मूळ नोंद) ठरतं, त्याचा स्वतःचा टीटीएल आणि त्यातला मिनिमम हा आकडा, दोन्हीत जो लहान तो.

आंबोली:
या "नाही" च्या कॅशवरून आमच्याकडे काय होतं ते सांगतो, विषयाला धरूनच आहे. ग्राहक आपलं डोमेन जोडतो, आम्ही त्याला एक टोकन देतो, ते टीएक्सटी रेकॉर्डमध्ये टाकायचं आणि "तपासा" बटण दाबायचं. माणसाचा स्वभाव असा की तो रेकॉर्ड टाकायच्या आधीच एकदा बटण दाबून बघतो. झालं, आपल्या रिझॉल्व्हरने "नाही" लक्षात ठेवलं, मिनिमम ३६०० असेल तर तासभर. तो बिचारा नंतर रेकॉर्ड टाकतो, बटण दाबत राहतो आणि आम्ही नाही नाही म्हणत राहतो. त्याची काहीच चूक नसते.

म्हणून पडताळणीला आम्ही मधल्या रिझॉल्व्हरला विचारतच नाही. आधी डोमेनचे एनएस रेकॉर्ड काढायचे, त्या नेमसर्व्हरांचे आयपी काढायचे, मग वेगळा रिझॉल्व्हर ऑब्जेक्ट बनवून सेटसर्व्हर्समध्ये ते आयपी द्यायचे. तिथे नावं चालत नाहीत, आयपीच लागतात. मग टीएक्सटी विचारायचा. थेट मालकाकडून उत्तर, कॅशचा प्रश्न नाही. सबडोमेन असेल तर एनएस मिळेपर्यंत एकेक पायरी वर जावं लागतं. आणि सर्व्हरवरून बाहेर पोर्ट ५३ उघडं हवं, बऱ्याच ऑफिसांच्या फायरवॉलमध्ये ते बंद असतं.

टीएक्सटीचं अजून एक. रिझॉल्व्हटीएक्सटी ॲरेच्या आत ॲरे देतो. एका टीएक्सटीमधला एक तुकडा २५५ बाइटपेक्षा मोठा असू शकत नाही, म्हणून लांब डीकेआयएम की (मेलवरची सही तपासायची) तुकड्यांत येते. आतल्या ॲरेचे तुकडे मध्ये स्पेस न घालता जोडायचे, आणि बाहेरच्या ॲरेतली रेकॉर्डं मात्र एकमेकांना जोडायची नाहीत, ती स्वतंत्र आहेत. एका डोमेनवर एसपीएफ (कोणी मेल पाठवायची त्याची यादी), दोन-तीन कंपन्यांची टोकनं, सगळं शेजारी शेजारी असतं.

पाटावरवंटा:
आंबोली, छान लिहिलंत. हे "उत्तर आलं म्हणजे काय समजायचं" मेल सर्व्हर चालवणाऱ्यांना पण लागू आहे. स्पॅमच्या याद्या डीएनएसवरूनच विचारतात, आयपी उलटा लिहून यादीचं नाव जोडायचं, १२७ ने सुरू होणारा पत्ता आला तर तो आयपी यादीत आहे. स्पॅमहाउसची यादी ८.८.८.८ सारख्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमधून विचारली तर १२७.२५५.२५५.२५४ हे उत्तर येतं, त्याचा अर्थ "या वाटेने आलात तर सांगणार नाही". म्हणजे हे पण "कळलं नाही" च. पण कोडमध्ये नुसतं "उत्तर आलं की स्पॅम" असं असेल तर जगातली प्रत्येक मेल स्पॅम ठरते. आलेला आकडा वाचायलाच हवा.

अक्षरवेल:
सगळं वाचलं, एक राहिलं. ॲटच्या पुढे देवनागरी आलं तर? डॉट भारत २०१४ पासून देवनागरीत मिळतंय, आणि मराठी संस्थेच्या फॉर्मने मराठी नाव नाकारावं हे मला तरी बरं वाटत नाही. डीएनएसमध्ये ते नाव पनीकोड (इंग्रजी अक्षरांतलं रूप) होऊन जातं, भारत या शेवटच्या भागाचं एक्सएन, दोन हायफन, एच२बीआरजे९सी होतं. नोडचा रिझॉल्व्ह हे रूपांतर स्वतः करतो, पीएचपीत आधी आयडीएन टू अस्की चालवावं लागतं. पण त्याच्या आधीच बहुतेक फॉर्ममधला रेजेक्स (अक्षरं तपासणारा नमुना) ए ते झेड सोडून काही आत घेत नाही, तो आधी सैल करा.

मराठीत अजून एक खाच आहे. "दऱ्या" मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो, काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ घेऊन हलंत देतात, काही साधा र, हलंत आणि मग झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी न दिसणारी खूण). डोळ्यांना एकच, बाइट वेगळे, आणि पनीकोड पण वेगळा. त्यात आयडीएनए (इंग्रजीखेरीज लिप्यांतल्या डोमेनांचे नियम) २००३ च्या नियमांनी चालणारी साधनं, पायथॉनचा अंगभूत कोडेक त्यातलाच, झेडडब्ल्यूजे गाळूनच टाकतात, मग त्या ऱ्य चा सरळ र्य होतो. २००८ च्या नियमांत हलंतानंतर तो चालतो. डोमेन घेतानाच नुक्त्याच्या ऱ ने घ्या, आणि तपासणाऱ्यांनी एनएक्सडोमेन आला तर दुसऱ्या रूपाने एकदा विचारून बघा.

मुळामुठा:
अक्षरवेल, हे डोक्यातच आलं नव्हतं, रेजेक्स खरोखर तसाच आहे, आजच बदलतो.

आत्तापर्यंत काय केलं ते लिहितो. लुकअप काढला, वेगळा रिझॉल्व्हर, टाइमआउट दीड सेकंद, ट्राइज २. एमएक्स, मग ए, मग चौपट ए. ईनॉटफाउंड किंवा तिन्हीकडे ईनोडेटा किंवा नल एमएक्स आला तरच पिवळी सूचना, बाकी सगळ्याला फॉर्म पुढे, आणि कुठला कोड आला तो लॉगमध्ये. डीएनएसकॉन्फिगमध्ये एनडॉट्स २. टेस्टिंगला फक्त हा वेगळा रिझॉल्व्हर बंद नेमसर्व्हरकडे वळवून भरपूर फॉर्म एकदम टाकले, डोमेनांचे टाइमआउट लॉगमध्ये दिसतायत आणि त्याच वेळी ओटीपी जातोय.

शंका एकच उरली. पोर्टलमध्ये कॉलेजांना वेबहुकचा यूआरएल (काही घडलं की आपण जिथे कळवतो तो पत्ता) देता येतो, तिथे पण होस्टचं नाव तपासून, आयपी खाजगी नाही ना हे बघून मग आपण कॉल करतो. तिथे पण रिझॉल्व्ह टाकू का?

चौथा_मजला:
थांबा, तिथे गोष्ट वेगळी आहे आणि गंभीर आहे. तुम्ही नाव तपासता तेव्हा एकदा डीएनएस विचारलं, नंतर कॉल करताना एचटीटीपी लायब्ररी परत विचारते. मधल्या काळात वाईट हेतूचा माणूस उत्तर बदलू शकतो, टीटीएल ० ठेवून पहिल्यांदा साधा सार्वजनिक आयपी द्यायचा आणि दुसऱ्यांदा १६९.२५४.१६९.२५४, जिथे क्लाउडवर मशिनच्या किल्ल्या मिळू शकतात. याला डीएनएस रीबाइंडिंग म्हणतात. तपासलेला आयपी आणि जोडलेला आयपी एकच असायला हवा.

नोडमध्ये एचटीटीपी रिक्वेस्टला लुकअप नावाचा ऑप्शन असतो, त्यात आपलं फंक्शन द्या. ते नाव शोधेल, आलेला प्रत्येक पत्ता तपासेल, १०, १७२.१६ ते १७२.३१, १९२.१६८, १२७, १६९.२५४ आणि आयपीव्ही६ मधले त्यांचे भाऊबंद असले तर एरर देईल, नाहीतर तोच पत्ता जोडणीला देईल. नाव नसून नुसता आयपी दिला असेल तर लुकअप बोलावलाच जात नाही, तो वेगळा तपासा. रिडायरेक्ट आपोआप फॉलो करू नका, प्रत्येक उडीला परत हीच तपासणी. आणि इथे नियम फॉर्मच्या बरोबर उलटा ठेवा. ईमेलच्या चौकशीत "कळलं नाही" ला जाऊ द्या असं वर ठरलं, वेबहुकला "कळलं नाही" आलं तर कॉल करूच नका, रांगेत ठेवून नंतर परत प्रयत्न करा.

रातराणी:
हो, आणि वेबहुक परत परत फसत असेल तर त्या कॉलेजला मेलवर कळवा, त्यात नेमका कोड लिहा, "नाव सापडलं नाही" की "नेमसर्व्हरने उत्तर दिलं नाही". त्यांच्याकडे डोमेन सांभाळणारा जो कोणी असेल त्याला पहिल्या वेळी रेकॉर्ड बघायचं असतं आणि दुसऱ्या वेळी नेमसर्व्हर.